काना

शाळेच्या कारकुनांचा फोन आला तेव्हा ठमी माझ्या मांडीवर बसून माझाच कान ओढत होती. ठमी म्हणजे माझी दहा महिन्यांची लेक.

"यंदाच्या क्रीडा सत्कारात तुमच्या वडिलांचं नाव आहे," ते म्हणाले. "सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक. मानपत्र तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर आम्हाला अजून आठवतंय."

मी लगेच हो म्हटलं. मानपत्र दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चाललंच नसतं.

बाबा सुतार. मी आठवीत असताना लांब उडीची मोडकी फळी बदलायला ते आमच्या हायस्कूलच्या मैदानावर आले. फळी तासाभरात बसली, पण शेजारची वाळू बघून ते तिथेच उकिडवे बसले. खड्डे, खडे, बाटलीच्या काचा. "यात पोरी उड्या मारतात?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दाताळं घेऊन हजर. ते आजतागायत. सकाळी वाळूला पाणी द्यायचं, म्हणजे ती दबून बसते आणि टाचेची खूण नीट उमटते. प्रत्येक उडीनंतर दाताळं फिरवायचं, वर फळी ओढायची. रंधा मारल्यासारखी गुळगुळीत वाळू. मैदानावर सगळे त्यांना काका म्हणायचे.

मीसुद्धा.

हे लिहिताना अजून कसंतरी होतं. मी पण उडी मारायचे. नवीन मैत्रिणींचे वडील मोटारीतून यायचे आणि माझे वाळूत गुडघ्यावर बसलेले. पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "काका, जरा बाजूला व्हा ना." बाबांनी मान वर करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हो मुली, झालंच." तेव्हापासून तीन वर्षं मैदानावर मी त्यांची 'मुली' होते, जशा बाकीच्या मुली. घरी आल्यावर ते मला नेहमीच्याच हाकेने बोलवायचे. त्यावर एक शब्द कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर हे मानपत्र म्हणजे माझी जुनी बाकी होती.

ठमी दुपारी झोपते ती मोजून चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी बोरू, शाई आणि जाड कागद घेऊन बसायचे. चार दुपारी लागल्या. मधली ओळ मला फार आवडली होती: 'गेली सोळा वर्षे आपण आमच्या वाळूची निगा राखलीत.' त्या ओळीतल्या 'वा'ला हात घातला आणि पाळण्यातून भोकाड. तिला थोपटलं, गाणं म्हटलं, डोळे मिटेपर्यंत वाकून उभी राहिले आणि परत येऊन पुढचा 'ळू' काढला. मग चौकटवाल्याकडून काच लावून घेतली आणि शाळेत पोचवलं.

सत्काराच्या दिवशी बाबांचं एकच पालुपद. "मी मागच्या रांगेत बसतो. नाव पुकारलं की येतो, घेतो, जातो. भाषण नको. चारचौघांत हसं नको."

"सोळा वर्षं पोरांना पडताना बघून हसलात, आता एक दिवस त्यांना हसू दे," आई म्हणाली.

सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो टोळाला. दहावीतली मुलगी, हडकुळी, पाय कानापर्यंत, म्हणून टोळ. तिच्यामागोमाग शिट्टीबाईंना उत्कृष्ट प्रशिक्षकाचा. मला शिकवलं तेव्हाही बाईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि खिशात पांढऱ्या फळ्यावर उड्या लिहायचा काळा मार्कर. आजही दोन्ही होतंच. "मला बोलता येत नाही, मला ओरडता येतं," एवढं म्हणून त्या मंचाच्या पायऱ्यांशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग माइक टोळाकडे आला, ती मात्र सुटली. "काकांनी सपाट केलेल्या वाळूत पडायला पण मजा येते," ती सांगत होती आणि सभागृह हसत होतं. मावशीला पाठवावा म्हणून मी टेबलावरच्या मानपत्राचा फोटो मोठा करून काढला.

आणि वाचलं. 'गेली सोळा वर्षे आपण आमच्या वळूची निगा राखलीत.'

काना! काना पाळण्याशीच राहून गेला होता.

आणि मानपत्र वाचणार होत्या मुख्याध्यापिका, आणि त्या कागदावर असेल ते अक्षर न् अक्षर वाचतात. गेल्या वर्षी एका भाषणात त्यांनी 'पान उलटा' हेसुद्धा ठणठणीत वाचलं होतं. चारशे पोरं. वळू. 'हसं नको' म्हणणारे माझे बाबा.

"आई, ठमीला धर."

"अगं, पण कुठे..."

मी पळत सुटले. पायऱ्यांशी शिट्टीबाईंचा खिसा दिसला. "बाई, मार्कर!" बाईंनी काही न विचारता काढून दिला. शर्यतीत कधी प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्यांनीच शिकवलंय.

तोवर मानपत्र मुख्याध्यापिकांच्या हातात आणि त्या माइकसमोर. मी चौकटीला हात घातला तशा त्या दचकल्या. "अहो, काय हे? कोण तुम्ही?"

माइक चालू होता.

"मी..." मागच्या रांगेत बाबा अर्धवट उभे राहिले होते. "मी यांची मुलगी. सुतारकाकांची. वाळूवाल्या काकांची. ते माझे बाबा आहेत."

एवढं सगळं सांगायची काही गरज नव्हती. पण एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. टोळाने जी शिट्टी मारली, ती बाईंच्या वरताण होती.

"काचेवर डाग आहे जरा," मी पुटपुटले, डाग पुसल्याचं नाटक केलं आणि 'व'च्या पुढे काचेवर एक सरळ काना ओढला.

मुख्याध्यापिकांनी चष्मा सावरला. "गेली सोळा वर्षे," त्या ठणठणीत वाचू लागल्या, "आपण आमच्या वाळूची निगा राखलीत..."

टाळ्या थांबेनात. बाबा आले, मानपत्र घेतलं, आणि खाली उतरता उतरता टेबलावरच्या कापडाची सुरकुती तळहाताने सपाट करून गेले. सवय जाते का?

त्यांच्या घरी आल्या आल्या बाबांनी भिंतीवर खिळा ठोकला. मानपत्र हातात घेतलं, काचेवर शंभर बोटं उमटलेली, म्हणून फडक्याने खसाखसा पुसलं. मी ठमीला भरवत होते. ओरडेपर्यंत उशीर झाला होता.

बाबांनी फडक्यावरचा काळा डाग पाहिला. मग काच पाहिली. ओठ हलवत ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"म्हणून पळत आलीस होय," ते म्हणाले. "मला वाटलं, मुलगी आहेस ते सांगायला आलीस."

खोटं बोलवेना. "काना द्यायला आले होते, बाबा. ते दुसरं... ते फार दिवस अडकलं होतं, ते आपोआप निघालं."

बाबा बराच वेळ काच पुसत राहिले, आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उठले, तर ते हसत होते. हसत हसत खाली बसले, डोळ्यांतून पाणी. "वळू! अगं, तरीच सोळा वर्षं माझं ऐकत नव्हता तो!" आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिने वाचलं, आणि तीही भिंतीला टेकली. काही न कळता ठमीही खिदळायला लागली.

"द्या इकडे, मी नवीन लिहून देते," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले आणि मानपत्र होतं तसं खिळ्याला अडकवलं, मग दोरा धरून सरळ आहे का ते तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला.

"उठलीस का? ठमीला घेऊन मैदानावर ये," बाबा म्हणाले. "वळूला पाणी पाजायचंय."