टिल्लीच्या मागची गाडी

टिल्ली सायकलवर पुढे आणि तिची आई मोटारीत मागे, अशी वरात रोज सकाळी निघायची. शाळा सुटते तेव्हा आई प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांमध्ये डोकं घालून बसलेली. परतताना सायकल हवी, म्हणून जातानाही सायकलच. निदान सकाळी तरी लेकीच्या पाठीशी आपल्या गाडीची भिंत असावी, एवढाच आईचा हट्ट. मोठ्या रस्त्यावर ती गाडी अक्षरशः रांगत न्यायची. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी ढिम्म.

"मंत्र्यांचा ताफा काढतेस का गं?" परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर हसायचा.

"तिथे बसून बोलायला तुझं काय जातंय?"

त्या सकाळी मागे ट्रक होता. बराच वेळ कोकलत राहिला आणि मग चिडून बाहेर निघाला. आईची गाडी ओलांडतो न ओलांडतो तोच समोरून बस आली, तसा तो झपकन कडेला वळला. कडेला टिल्ली होती.

आता समोर नुसती ट्रकची पाठ. आईचा तळहात हॉर्नवर चिकटून बसला. ट्रक पुढे गेला तेव्हा सायकल मातीत आडवी होती आणि टिल्ली गुडघ्याला हात लावून उभी होती.

"बघू. कुठे लागलं? हात हलव बघू."

"खरचटलंय नुसतं. आई, तू मागे येत जाऊ नकोस."

"अगं, मी मागे होते म्हणून वाचलीस."

"तू मागे असतेस म्हणूनच ते येतात. राग तुझ्यावर, आणि येतात माझ्या अंगावर. दुपारी एकटी येते ना, तेव्हा लांबून दिसते मी. सगळे नीट जागा सोडून जातात."

टिल्लीला गाडीपुढे सायकलवर बसवून आई आपल्या गाडीच्या मागे गेली आणि तिथून पुढे पाहिलं. गाडीचा टप दिसला. पलीकडे रस्ता दिसला. पोर कुठेच दिसली नाही. इतके दिवस ती लेकीला झाकून नेत होती.

"चल, सायकल डिकीत टाकू. मीच सोडते."

"दुपारी एकटीच येणार ना मी?"

"आज रजा टाकते."

"आणि उद्या?"

आईने सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, हेल्मेटचा पट्टा ओढला.

"आई, गळा आवळतेस."

"कडेला उभ्या गाड्यांपासून लांब राहा. कोण कधी दार उघडेल, सांगता येत नाही. मागे बघायचं तर आधी हँडल सरळ..."

"माहितीये गं."

टिल्ली निघाली. आईने गाडी रस्त्याच्या खाली उतरवून बंद केली. इतका वेळ तुंबलेल्या मोटारी एकेक करून सुटल्या. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती: हा फोनवर बोलतोय, ही आरशात केस सारखे करतेय, याला जांभई आली. सगळे तिकडेच निघाले होते. लाल हेल्मेट वळणापर्यंत दिसलं.

तिने शाळेच्या फाटकावरच्या शिपायाला फोन लावला.

"पोचली का हो आमची?"

"नाही ताई, अजून कुणीच आलेलं नाही."

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "तुम्ही फाटकाकडेच बघत राहा. मी आहे इथे." हात किल्लीकडे गेला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.