उसने भाजीवाले

महापालिकेच्या सुनावणीची सूचना तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? मीही वाचलेली नाही. सूचना लागते, नाही असं नाही. पण ती मागच्या जिन्यापाशी, आग विझवायच्या लाल नळकांड्याच्या वर लागते. आणि वेळ अशी ठरते की ज्याचा प्रश्न आहे, तो नेमका त्याच वेळी कामात बुडालेला असावा. यात कुणा एकाचा कावा नसतो. वर्षानुवर्षांची सवय असते, आणि सवयीची कुणाला लाज वाटत नाही.

त्या शहरातल्या जुन्या भाजीबाजाराची सुनावणीही अशीच सकाळी दहाला ठेवली होती. त्या वेळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. प्रश्न मोठा होता. बाजाराचं छत जीर्ण झालं होतं आणि महापालिकेकडे नवी इमारत बांधण्याइतका पैसा नव्हता. म्हणून एका कंपनीशी भागीदारी ठरली. जागा महापालिकेची, बांधकाम कंपनीचं, आणि पुढची बरीच वर्षं इमारत कंपनीनेच चालवायची. खाली काचेची दुकानं आणि वर भाजीवाले, असा आराखडा होता.

तो काढला होता नियोजन विभागाच्या अधिकाऱ्यांनी. बगलेत सदा नकाशाची गुंडाळी, म्हणून सगळे त्यांना नकाशेसाहेब म्हणत. माणूस कामसू होता, सरळ होता. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. त्यांची वहिनी त्याच बाजारात कांदे-बटाटे विकत होती. थोरला भाऊ गेल्यावर तिने गाळा सोडला नाही. त्याच गाळ्यावर तिची मुलगी कॉलेजात पोहोचली, आणि त्याआधी खुद्द नकाशेसाहेबही त्याच गाळ्यावर शिकले होते.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना वहिनीने विचारलं होतं, "भाऊजी, आमच्या बाजाराचं काहीतरी चाललंय म्हणतात. खरं का?"

"अजून काही ठरलं नाही, वहिनी."

"ठरलं की सांगाल ना?"

"सांगेन की!" असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. ठरलेला नकाशा त्यांच्या डोक्यामागच्या कपाटावरच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. कंपनीच्या मुख्य अभियंता बाई कुठल्याही क्षणी पोहोचणार होत्या. सहायक हळूच म्हणाला, "साहेब, बरं दिसणार नाही. नेहमीचं करू या?"

नेहमीचं म्हणजे इतर विभागांतली माणसं आणून बसवायची. नकाशेसाहेबांनी मान हलवली. बघता बघता सभागृह भरलं. पुढच्या रांगेत जन्म-मृत्यू नोंदणीतले बडेबाबू बसले, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला पेन लावून.

बाई आल्या, त्यांनी पडद्यावरची चित्रं पाहिली, आणि एकदम बडेबाबूंकडे वळल्या. "काका, तुम्ही काय विकता?"

बडेबाबू दचकले. "मी? मी बटाटे."

"वरचा मजला चालेल तुम्हाला?"

"उत्तम! हवा खेळती राहते."

"पण पोतं वर कसं नेणार?"

बडेबाबूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रीतसर अर्ज करून."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी शेजारच्या पाणीपट्टीतल्या बाईंना विचारलं, त्याही बटाटे विकत होत्या. तिसरेही बटाटेच विकत होते. "या शहरात दुसरी भाजी पिकत नाही वाटतं," एवढंच बोलून बाई उठल्या. नकाशेसाहेबांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नकाशेसाहेबांच्या खोलीत आल्यावर बाईंनी दार लोटलं. रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या दिसत होत्या.

"आम्ही दुसऱ्या एका शहरात असाच बाजार बांधलाय. तिथेही सांगितलं होतं, सगळ्यांची संमती आहे. आम्ही विश्वास ठेवला. आज वरच्या मजल्यावर कबुतरं राहतात आणि भाजीवाले बाहेर रस्त्यावर बसतात. गाड्यांना वाट नाही, दुकानांना गिऱ्हाईक नाही. महापालिका बुडाली आणि आम्हीही."

"बाई, खरं सांगू? या लोकांना बोलावलं की नुसती भांडणं होतात. काम रखडतं."

"आत्ता भांडले तर नकाशा खोडता येतो, साहेब. नंतर भांडले तर भिंत पाडावी लागते." बाई समोर बसल्या. "तुम्ही जागा आणता, आम्ही बांधकाम आणतो. पण बाजार कोण आणतं? तो आणणारी माणसं करारात कुठेच नाहीत. तिघांचा धंदा दोघांनीच उरकायचा आणि त्याला भागीदारी म्हणायचं? मी सही करणार नाही. खरी माणसं आणा."

"तुम्ही मागे हटलात तर छत कोसळेपर्यंत तो बाजार तसाच राहील!"

"म्हणूनच म्हणते, आणा. त्यांच्यातलं कुणी ओळखीचं नाही का तुमच्या?"

नकाशेसाहेबांनी टेबलावरची गुंडाळी उगाच सरळ केली. "आहे," ते म्हणाले. "माझी वहिनी."

"मग तिला का नाही बोलावलंत?"

वहिनी बोलेल, याचीच तर त्यांना भीती होती!

दुपारी ते बाजारात गेले. गर्दी ओसरली होती. कोपऱ्यावरच्या गाळ्यात वहिनी सडके कांदे निवडून बाजूला काढत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, काल मी खोटं बोललो. सगळं ठरलं होतं. तुम्हाला वर पाठवणार होतो."

वहिनीचे हात थांबले.

"शाळेतून आलात की याच पोत्यांवर बसून गृहपाठ करायचात तुम्ही," ती म्हणाली. "तुमचे दादा गिऱ्हाइकाला दम द्यायचे, हळू बोला, पोरगा अभ्यास करतोय म्हणून. भाऊजी, जागा गेली तर ते दुःख मी गिळेन एक वेळ. पण एका ताटात जेवून तुम्ही माझ्यापासून लपवलंत!"

नकाशेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "चुकलो, वहिनी. पुन्हा सुनावणी लावतो. तुम्ही सगळे या."

"मी नाही येणार तुमच्या सभागृहात. गाळा टाकून कोण येणार? तुम्हीच या इथं, बाजार उठल्यावर."

आणि खरोखरच सभागृह बाजारात आलं. रिकाम्या खोक्यांवर भाजीवाले बसले, अधिकारी बसले आणि कंपनीच्या बाईही बसल्या. पहिल्या दिवशी नुसता आरडाओरडा झाला. वहिनीचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. "इथली एक वीट हलवायची नाही!" बाईंनी वाद घातला नाही. एक शिडी मागवली, वहिनीला वर चढवलं आणि छताच्या तुळईत हात घालायला सांगितलं. तुळईचा भुगा तिच्या मुठीत आला. ती मुकाट्याने खाली उतरली आणि म्हणाली, "बरं. बोला पुढं."

पुढची बोलणीही काही गोडीगुलाबीने झाली नाहीत. पालेभाजीवाल्यांचं फळवाल्यांशी पटेना, कंपनीचं महापालिकेशी पटेना. एकदा तर नकाशेसाहेबांनी गुंडाळी आपटून घरची वाट धरली होती. पण हळूहळू प्रत्येकाने थोडं थोडं सोडलं. भाजी खाली राहिली, दुकानं वर गेली. दुकानांचं भाडं त्यामुळे कमी येणार होतं, ते कंपनीने मान्य केलं. त्या बदल्यात इमारत आणखी काही वर्षं तिच्या ताब्यात राहणार होती. भाजीवाल्यांनी गाळे लहान करून घेतले, म्हणजे मधून हातगाड्या जातील.

शेवटी मालाच्या दाराचा प्रश्न उरला. नकाशेसाहेब नकाशा उघडून बसले, पण बोलेनात. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सांगा ना."

"गाडी वळण्याजोगी एकच जागा आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "कोपऱ्यावरची. वहिनींचा गाळा."

वहिनी उठून आपल्या गाळ्यापाशी गेली. लाकडी खांबावरून तिने हात फिरवला.

"दुसरीकडे नाही बसत दार?"

"बसवता येईल, पण मग सगळ्यांना माल डोक्यावरून आणावा लागेल. वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही."

वहिनी वळली. "घ्या!" ती म्हणाली. "तेव्हा न विचारता घेतला असतात, तर जन्मात तुमचं तोंड पाहिलं नसतं. आज विचारून घेताय, म्हणून देतेय."

करारावर तिसरी सही भाजीवाल्यांच्या समितीची झाली, आणि समितीतर्फे ती वहिनीने केली.

नवा बाजार सुरू झाला त्या आठवड्यात बडेबाबू पिशवी घेऊन वहिनीच्या नव्या गाळ्यावर आले. सभागृहातली गोष्ट एव्हाना सगळ्या बाजाराला पाठ झाली होती. "दोन किलो बटाटे द्या," ते म्हणाले.

वहिनीने तराजू उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "रीतसर अर्ज आणलाय का?"

आजूबाजूचे गाळे हसून लोटपोट झाले, आणि बडेबाबूही हसले.

मंडळी, शहर काही एकट्या महापालिकेच्या जिवावर उभं राहत नाही. तिला जोडीदार लागतात, आणि ते तिने जरूर शोधावेत. पण जोडीदार म्हणजे फक्त पैसा घेऊन येणारा नव्हे. त्या कामात ज्याचं पोट अडकलंय, तोही जोडीदारच. त्याला विचारायचं तर त्याच्या सवडीने आणि त्याच्या दारात जाऊन विचारावं. विचारलं की माणूस स्वतःचा कोपरासुद्धा देतो! आणि आपणही एक करू या. सूचना लागली की वाचू या, सुनावणी असली की जाऊ या. आपली खुर्ची रिकामी राहिली, तर तिच्यावर बसायला कुणीतरी उसना माणूस मिळतोच, आणि मग आपल्या घराचं काय करायचं, ते तो ठरवतो.