तिसरी बस

“सर, बंदमध्ये तिसऱ्यांदा बस फोडली तर शिक्षा तिप्पट होते का?”

हा प्रश्न विचारायची पैज रोशनीने लावली होती, एका मिसळीवर. कायद्याची माहिती द्यायला शाळेत वकीलसाहेब आले होते आणि अख्खी दहावी ब पेंगत होती. योगिनी ताडकन उठली नि विचारून मोकळी झाली. वर्ग खिदळला. सिडकोत बस कोण फोडतं हे बाकांनासुद्धा ठाऊक होतं. गोरक्षभाऊ! प्रत्येक बंदला सगळ्यांत पुढे, प्रत्येक फ्लेक्सवर हसरे. अंगावर तीन केसेस, म्हणून तर म्हणे यंदा निवडणुकीचं तिकीट पक्कं.

वकील मात्र हसले नाहीत. “पुन्हा पुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा हवीच, बाळा. पण आधीचा गुन्हा शाबित झालेला लागतो. साक्षीदार फिरला की माणूस सुटला. मग तिसरी बससुद्धा कोर्टाच्या लेखी पहिलीच.”

“जिंकलीस गं!” रोशनीने चिमटा काढला. पण योगिनीचं लक्ष कुठे होतं?

मागच्या मंगळवारी, बंदच्या दिवशी, क्लासहून येताना ती स्टॉपवर उभी होती. गोरक्षभाऊंनी तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं. “सरक गं, काच उडेल.” आणि मग दुसऱ्या हातातला दगड समोरच्या बसवर मारला. ही तिसरी बस. ड्रायव्हर सहादूकाकांच्या डोळ्यावर अजून पट्टी आहे.

आणि पहिली बस? ती फुटली पप्पांच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर. घरी पप्पांनी सगळं हातवारे करून सांगितलं होतं. कोर्टात म्हणाले, गर्दी होती, चेहरा दिसला नाही.

संध्याकाळी तिने फ्रिज चारदा उघडला, चारदा लावला.

“अंगात आलंय का गं?” आई ओरडली. “बस एका जागी!”

“पप्पा, तुम्ही कोर्टात खोटं का बोललात?”

पप्पांचा घास हातातच राहिला. “दुकान रस्त्यावर आहे, योगू. रोज तिथेच बसायचंय मला.”

“सहादूकाकाही रोज रस्त्यावरच असतात.”

“हळू बोल,” आई कुजबुजली, “खिडकी उघडी आहे.”

योगिनीने उठून दुसरीही उघडली.

“उद्या शाळा सुटली की मी पोलीस स्टेशनला जाणार. पाहिलं ते सगळं सांगणार, आणि कोर्टातही तेच सांगणार. पप्पा, तुम्ही सोबत या. नाही आलात, तर एकटी जाऊन दाखवायची रोशनीशी पैज लावते.”