कोलोरादाची अर्धवट झोप

मित्रांनो, लोकरीच्या पोत्यांमागे पांढऱ्या चादरीखाली जी आकृती दिसते आहे, ती मी. चादर जरा वर केलीत तर माझा लाल रंग अजून चकाकताना दिसेल. त्या रंगामुळेच घरची माणसे मला कोलोरादा म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ लाल. मी दोन माणसांची, शर्यतीत धावलेली मोटार आहे. आता मात्र मी धावत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेला, कोर्दोबा शहरात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून मला आकार दिला. माझ्या नाकाचा बाक त्याच्या मनासारखा होईना. डोळे मिटून, हात फिरवून तो चाचपून बघे आणि पुन्हा ठोकायला बसे. शेवटी तो हसला, तेव्हा मी पुरी झाले.

मला घेतले आर्सेनियो बिदालने. एस्केलजवळच्या दरीत तो लोकरीची प्रतवारी करायचा. चिमटीत लोकर धरली की ती कोणत्या मेंढीची, कोणत्या चाऱ्यावर वाढलेली, हे तो सांगे. खडीच्या रस्त्यांवर आम्ही शर्यती केल्या. एकदा आम्ही तिसरे आलो, तर गावाने आम्हांला पहिले आल्यासारखे मिरवले. धुळीने आर्सेनियोचे फक्त दात पांढरे दिसत होते.

आमचा मुलूख पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ, म्हणून आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा येतो, बर्फ पडू लागतो आणि तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ म्हणजे पत्र्याचा वैरी. म्हणून त्याआधीच आर्सेनियो मला निजवायचा. आधी दूरवर फिरवून आणायचा, म्हणजे इंजिन आतपर्यंत तापे. मग जुने तेल काढून नवे भरायचा. टाकी काठोकाठ भरायचा, म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नसे. बॅटरी स्वयंपाकघरात चुलीजवळ जाई. धुराच्या नळीत लोकरीचा बोळा बसे, कारण उंदरांना तिथे घर करायला फार आवडते. शेवटी चाकांखाली ठोकळे आणि अंगावर चादर.

शेजारचा सेफेरिनो कुंपणावर रेलून हे सगळे बघायचा. "अरे आर्सेनियो, बायकोला तरी कधी एवढ्या मायेनं पांघरूण घातलंस का?"

"ती लाथ मारून फेकून द्यायची. ही गुणाची आहे."

"गुणाची! चहाची किटली आहे नुसती!"

लहानगी नेलिदा, आर्सेनियोची मुलगी, मध्येच विचारायची, "बाबा, हिला कंटाळा नाही येत?"

"झोपलेल्याला कसला कंटाळा? आणि लक्षात ठेव पोरी, उठवायचं तर पुरतं उठवायचं. नाहीतर हातच लावायचा नाही."

वर्षे गेली. नेलिदाची आई गेली. नेलिदा गावातल्या शाळेत शिकवू लागली. आर्सेनियोच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "या ऑक्टोबरात गाडी चालवून घ्या. पुढच्या वर्षी रस्ता दिसेलच, असं मी म्हणणार नाही." त्या संध्याकाळी बापलेकीने ठरवले, येता हिवाळा सरून रस्ता कोरडा झाला की दोघांनी माझ्यातून दरीपलीकडच्या तळ्यापर्यंत जायचे. आर्सेनियोसाठी ती शेवटची सफर होती.

त्या वर्षीही त्याने मला रीतीप्रमाणे निजवले. पण पुढच्याच आठवड्यात अंगणातल्या बर्फावर त्याचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. त्याची खाट कोठाराकडच्या खिडकीशी लावली गेली.

आमच्याकडे रविवारी दुपारी निखाऱ्यावर मांस भाजतात आणि घराघरांत रेडिओवर मोटारींच्या शर्यतीचे वर्णन चालते. त्या रविवारी रेडिओ लावला, तर आर्सेनियोने भिंतीकडे तोंड फिरवले. जेवलाही नाही. नेलिदाला ते बघवेना. तिने चुलीजवळची बॅटरी उचलली, कोठारात आली, नळीतला बोळा काढला आणि तिकडे रेडिओवर शर्यत सुरू होण्याचे निशाण पडताच इकडे किल्ली फिरवली.

मी गरजले. खिडकी धाडकन उघडली. आर्सेनियो कोपरावर उठून लहान मुलासारखा हसत होता. सेफेरिनो हातात हाडूक घेऊन कुंपणाशी धावला. "किटली उकळली रे!"

त्यानंतर दर रविवारी तसेच होऊ लागले. निशाण पडे, मी गरजे, खिडकी उघडे. पण उघड्या खिडकीतून थंडी आत शिरायची, ताटातले मांस गार व्हायचे. म्हणून नेलिदा मला लवकरच बंद करायची आणि घरात पळायची.

मित्रांनो, पेट्रोल जळले की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. इंजिन आणि नळी चांगली तापली, तर ती वाफ बाहेर निघून जाते. थोडा वेळ चालवून बंद केले, तर ती थंड लोखंडावर पाणी होऊन बसते. ते पाणी तेलात उतरते आणि हळूहळू लोखंड खाते. बाहेरून मी लखलखीत होते. आतून दर रविवारी थोडी थोडी कुजत होते. मला बोलता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

एकदा आर्सेनियो खिडकीतून म्हणाला, "पोरी, आज राहू दे. फार थंडी आहे."

"मला नाही वाजत थंडी! आणि अधूनमधून पाय मोकळे केले की तिलाही बरं वाटतं." बोलताना ती मागे वळली होती. नाक लाल, चेहरा फुललेला. आर्सेनियो तिच्याकडे बघत राहिला आणि गप्प बसला.

ऑक्टोबर आला. रस्ता कोरडा झाला. बुटांना पॉलिश करून, काठी टेकत आर्सेनियो आला आणि त्याने स्वतः किल्ली फिरवली. मी सुरू झाले. अंगणाच्या तोंडापर्यंत पोचते तोच आतून ठोके येऊ लागले. मग लोखंड लोखंडावर खरवडल्याचा आवाज झाला आणि मी थांबले ती थांबलेच.

सेफेरिनोने खाली शिरून तेल सोडले. ते दुधाळ कॉफीसारखे होते. नळी त्याच्या हातात तुटून आली आणि गंजाचे तांबडे पाणी नेलिदाच्या पायांशी सांडले. 'उठवायचं तर पुरतं उठवायचं,' हे बापाचे बोलणे तिला आठवले. ती म्हणाली, "हे पाणी... बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दर रविवारी किल्ली फिरवून माझ्याकडे बघायचीस. त्या तोंडाला नाही म्हणवेना. आणि खरं सांगू? मलाही तो आवाज हवा होता."

माझा कारखाना कधीच बंद पडला होता. सुटे भाग शोधून आणेपर्यंत वर्ष गेले असते, आणि आर्सेनियोच्या डोळ्यांजवळ वर्ष नव्हते. मग सेफेरिनोने हात पुसले. "अंगणापासून फाटकापर्यंत उतार आहे ना? बसा दोघं. मी ढकलतो. किटली असली तरी चाकं आहेत तिला."

आर्सेनियो चालकाच्या जागी बसला. नेलिदा डोळे पुसत शेजारी बसली. सेफेरिनोने ढकलले आणि मी उतारावरून मुकाट्याने निघाले. आर्सेनियोचा हात सवयीने गिअरच्या दांड्यावर गेला. वळण त्याने सुरेख घेतले. फाटकाशी मी थांबले, तरी त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

"ऐकलंस?" त्याने विचारले.

"काय? आवाजच कुठे होता, बाबा?"

"खडीचा होता. इतकी वर्षं हिच्या गरजण्यात चाकांखालची खडी मला कधी ऐकूच आली नव्हती."

आर्सेनियोला आता अंधुक उजेडापलीकडे काही दिसत नाही. हिवाळा आला की नेलिदा मला निजवते. तेल, बोळा, ठोकळे, चादर, सगळे रीतीप्रमाणे, आता जपण्यासारखे फारसे उरले नसले तरी. मित्रांनो, तुमचाही कोणावर, कशावर जीव असेल. त्याला काय हवे आहे, ते आधी ओळखा. तुम्हांला जे द्यावेसे वाटते, तेच त्याला हवे असते असे नाही. कधी कधी हात मागे घेणे, हेच जपणे असते.

रविवारी रेडिओवर निशाण पडते, तेव्हा नेलिदा कोठारात येते. चादरीवरून माझ्या नाकावर तळवा ठेवते, जरा थांबते, आणि जाताना दाराचा आवाज होणार नाही इतक्या हलक्या हाताने ते ओढून घेते.