पिवळ्या कॅनपाशी

शेवंता गेली ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी जाळी उचलत होतो. लांबून मंगरूचा डोंगा येताना दिसला. तो एवढ्या जोरात वल्हं मारत होता की मला वाटलं, कोणाचं तरी जाळं चोरीला गेलं. जवळ आल्यावर त्यानं माझ्या डोंग्याची कड धरली आणि पाण्याकडे पाहत म्हणाला, "बाबूलाल, चाल गा. वहिनी गेली."

"कुठं गेली?" मी विचारलं.

शेवंता दिघोरीला आमच्या मुलीकडे गेली होती. साधनाला दिवस गेले होते, पोटात अन्न ठरत नव्हतं, म्हणून आई मदतीला गेली. संध्याकाळी भात रांधता रांधता शेवंताच्या छातीत दुखायला लागलं. लाखांदूरच्या दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली. साधना आणि जावई अंकुश रात्रभर मला फोन लावत होते. माझा फोन उशाशीच होता, चालूही होता. पण मी डोंगा बांधतो तिथे रेंज येत नाही. पहाटे कोणाला तरी मंगरूच्या बायकोचा, कुंताबाईचा, नंबर सापडला. ती त्या दिवशी डोंग्यावर नसून घरी होती म्हणून निरोप आला.

मी दिघोरीला पोचलो तेव्हा लोक अंगणात बसून होते. माती माझ्यासाठी थांबवली होती.

आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. गोसेच्या धरणाचं पाणी वैनगंगेत मागे मागे भरत आलं, त्यात शेवंताचं माहेर बुडालं. त्या गावाची पाण्याची टाकी उंच होती, तिचं डोकं अजून पाण्याबाहेर दिसतं. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत ती टाकी आहे. तिथे वारा लागत नाही म्हणून आम्ही डोंगा तिथे बांधायचो. पुनर्वसनाच्या वसाहतीत आमचं घर आहे, पण मासोळीच्या दिवसांत आम्ही दोघं डोंग्यावरच राहायचो. मधोमध बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, पुढच्या टोकाला तेलाच्या पिंपाची चूल. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे उचलायची. शेवंता चुलीपाशी बसून खाली बोट दाखवायची आणि सांगायची, "इथं आमचा गुरांचा कोठा होता. तिथं चिंच होती." पाण्यात काही दिसत नव्हतं. पण तिचं बोट रोज त्याच जागी जायचं.

तेरवी झाली. साधना म्हणाली, "बाबा, आता इथंच राहा."

मी काही दिवस राहिलो. दिघोरीत सगळं चांगलं आहे. अंकुश स्वभावानं गरीब आहे, शेती चांगली करतो. पण मला सकाळी उठून करायला काही नव्हतं. मी बांधावर जाऊन बसायचो आणि लोक विचारायचे, काय काका, पाहुणे का? एक दिवस मी साधनाला सांगितलं की मी डोंग्यावर जातो.

ती रडली नाही. भांडलीही नाही. ती म्हणाली, "आई गेली त्या रात्री मी त्या फोनमधल्या बाईशी बोलत होती बाबा. मी लावू, ते सांगे, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. मी पुन्हा लावू, ते पुन्हा सांगे. ते बाई मले आता ऐकाची नाई. तुमी डोंग्यावर राहा. पण रोज सांजच्याले मले तुमचा चेहरा दिसला पायजे. नुसता आवाज नाई, चेहरा. नाई दिसला तर अंकुश येईल आणि तुमाले घेऊन येईल."

"अन् डोंगा?"

"डोंगा मंगरूकाकाले देऊन टाकू."

ती हे रागानं बोलली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. आईसारखीच आहे ती. बोलली की करते.

पवनीला भुपेंद्रचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्याकडे जाऊन मी सांगितलं की मला डोंग्यावर इंटरनेट पाहिजे. तो हसला नाही, पण त्याला हसू येत होतं.

"काका, राहता पत्ता?"

"पाण्यावर."

"तसं चालत नाई जी. आधारवरचा सांगा."

मी वसाहतीचा पत्ता सांगितला. त्यानं दुसऱ्या कंपनीचं सिम दिलं आणि हातात मावेल अशी एक वायफायची डबी दिली. म्हणाला, "हे जेवढी उंच ठेवाल तेवढं चांगलं. पण रेंजच नसली तर हे तरी काय करंल?" चार्जिंगसाठी लहान सोलर प्लेटही त्याच्याकडूनच घेतली.

मी डबीला प्लास्टिकची पिशवी बांधली, ती बांबूच्या टोकाला बांधली आणि बांबू डोंग्यात उभा केला. टाकीजवळ काहीच झालं नाही. डबीवरचा दिवा लालच राहिला. मग मी वल्हं घेतलं आणि डबी घेऊन पाण्यावर हिंडायला लागलो. दिवा लाल, लाल, मग एका ठिकाणी हिरवा. थोडं पुढे गेलं की पुन्हा लाल. टेकडीआडून पलीकडच्या काठावरचा टॉवर जिथे दिसतो तिथे रेंज येते, हे माझ्या लक्षात आलं. पण अशा जागा सलग नव्हत्या, तुकड्या-तुकड्यांनी होत्या. पाण्यावर जागा लक्षात ठेवायची तर आम्ही जे करतो तेच मी केलं. दिवा हिरवा झाला की तिथे दोरीला दगड बांधून सोडला आणि वर रिकामी पांढरी बाटली बांधली. अशा मी बऱ्याच जागा धरल्या.

त्यातली सगळ्यात चांगली जागा नदीच्या जुन्या धारेवर होती. तिथे पहिल्यांदा साधनाचा चेहरा दिसला. पण चेहरा यायचा आणि थिजायचा. डोंगा एका दगडावर बांधला की वाऱ्यानं गोल फिरतो, टोक इकडून तिकडे जातं, तेवढ्यानंही रेंज जाते. मी पुढून आणि मागून असे दोन दगड सोडले. डोंगा जागेवर राहिला.

"बाबा, दाढी काहून वाढवली?" साधना म्हणाली.

"रेंज पाहून राहिलो होतो."

ती हसली. आई गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मला वाटलं, झालं आता. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. पांढरी बाटली म्हणजे खाली जाळं. आमच्या पाण्यात हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. दुसऱ्याच्या बाटलीजवळ कोणी जाळं टाकत नाही, तिथून डोंगाही नेत नाही. मी लहानपणापासून हे पाळत आलो, आणि मीच बिनजाळ्याच्या बाटल्या सोडून बसलो होतो. चार दिवस लोक माझ्या बाटल्यांना वळसा घालून जात होते आणि मनात शिव्या देत होते.

पाचव्या दिवशी आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष ताराचंद माझ्याकडे आला. मागे आणखी डोंगे होते. मंगरूचाही होता, त्यात कुंताबाई होती.

"का गा बाबूलाल," ताराचंद म्हणाला, "एकटा माणूस तू. इतके जाळे तुह्याजवळ आले कुठून?"

"जाळी नाहीत ती," मी म्हणालो.

"मंग काय आहे?"

मला सांगायची लाज वाटली.  ताराचंदनं धारेवरच्या बाटलीला हात घातला आणि दोरी ओढली. वर दगड आला. नुसता दगड. सगळ्यांनी दगड पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दगड धरून राहिला का तू?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. ताराचंद हसला नाही.

"भरल्या धारेवर जागा अडवली. कतला मासोळी इथूनच जाते, तुले मालूम नाई का? सगळ्या बाटल्या काढ. आजच."

बाटल्या काढणं सोपं होतं. पण मग मी संध्याकाळी कुठे जाऊ? साधनाला चेहरा दिसला नाही की दुसऱ्या दिवशी अंकुश येणार. मी खिशातून फोन काढला आणि ताराचंदच्या हातात दिला. म्हणालो, "आता बघा, इथं रेंज आहे. टाकीजवळ नाही. शेवंता गेली तेव्हा मी टाकीजवळ होतो. पोरगी म्हणते, रोज चेहरा दिसला तर डोंग्यावर राहा, नाहीतर डोंगा सोडा. म्हणून बाटल्या बांधल्या. जाळ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

 मग कुंताबाई बोलली.

"म्हणजे इथून फोन लागते?"

"लागतो."

"चेहरा दिसते?"

"दिसतो."

"आणि तुमी आमाले सांगतलं नाई? भाऊजी, माही पोरगी तिकडं पुण्याले आहे. दिवाळीपासून तिचं तोंड पाह्यलं नाई मी. फोन लावाले काठावर जाव लागते, मंग चढ चढून सडकेवर जाव लागते. आणि तुमी इथं दगड टाकून एकटेच बोलून राहिले!"

"कुंते, जाळ्याचं बोलून राहिलो आपण," ताराचंद म्हणाला.

"जाळ्याचं तुमी बोला. मी फोनचं बोलून राहिली. ताराचंदभाऊ, तुमची सून बाळंत झाली तवा तुमाले कवा कळलं होतं?"

 आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याला बाजारात मासोळी विकताना कळलं होतं, गिऱ्हाइकाकडून.

शेवटी असं ठरलं. बाकीच्या बाटल्या काढायच्या. धारेवरची एकच जागा ठेवायची, पण तिथे पांढरी बाटली नको. कुंताबाईच्या डोंग्यात खाण्याच्या तेलाची रिकामी पिवळी कॅन होती. ती बांधायची. पांढऱ्याच्या खाली जाळं, पिवळ्याच्या खाली नुसता दगड. पिवळ्याच्या आजूबाजूला ज्याला जाळं टाकायचं त्यानं टाकावं.

"आणि बोलताना वल्हं आपटू नका," ताराचंद म्हणाला. "हळू बोला. मासोळी पळते."

हळू बोलणं कुंताबाईला जमत नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं मुलीशी बोलताना एवढा आवाज केला की काठावरचे बगळे उडाले. मासोळी पळाली की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ताराचंद स्वतः कॅनपाशी आला होता. फोनवर नातवाला डोंगा दाखवत होता. मी विचारलं, कशी काय अध्यक्षसाहेब, मासोळी? तो म्हणाला, "चूप रे."

हिवाळा गेला. रोज संध्याकाळी जाळी टाकायच्या आधी मी कॅनपाशी जायचो. साधना मला तिचं पोट दाखवायची नाही, लाजायची. पण तिचा चेहरा भरत चालला होता. ती विचारायची, काय रांधलं? मी सांगायचो, झिंग्याचा रस्सा. ती म्हणायची, "आईसारखा झाला का?" मी म्हणायचो, नाही. त्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प राहायचो. पूर्वी मला असं गप्प राहणं सहन होत नव्हतं. आता होतं. ती समोर दिसत असते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं, ताडपत्री फाटली. वारा थांबल्यावर मी धारेवर येऊन पाहिलं तर कॅन नव्हती. दोरी तुटून कुठेतरी वाहून गेली होती. त्या दिवशी सकाळीच कॅनपाशी अंकुशनं फोनवर सांगितलं होतं की साधनाला बाळंतपणासाठी लाखांदूरला नेत आहेत.

मी घाबरलो. पाणी सगळीकडे सारखं दिसत होतं. मग मला सुचलं की कॅन नव्हती तेव्हाही आम्ही जागा ओळखतच होतो. टाकीचं डोकं आणि मागच्या टेकडीवरचं मोहाचं झाड एका ओळीत आणायचं. दुसऱ्या बाजूला काठावरची पंपाची खोली आणि टॉवर एका ओळीत आणायचे. दोन्ही ओळी जिथे मिळतात ती जागा. हे मला बापानं शिकवलं होतं, जुन्या नदीत जाळ्यांसाठी. मी वल्हं मारत गेलो. डबीवरचा दिवा लाल होता. मग हिरवा झाला. मी दोन्ही दगड सोडले आणि बसून राहिलो.

सूर्य टेकायच्या आधी फोन वाजला. अंकुश होता.  त्यानं फोन फिरवला. साधना पलंगावर होती, केस घामानं चिकटलेले. तिच्या बाजूला कपड्यात गुंडाळलेली मुलगी होती, डोळे मिटलेले.

"बाबा," साधना म्हणाली, "पाहा."

मी पाहिलं. चेहरा थिजला नाही. डोंगा हलू नये म्हणून मी श्वासही हळू घेत होतो.

"नाक आईचं आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. मला नाक नीट दिसत नव्हतं, पण मी हो म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी मंगरूकडे गेलो. तो जाळी टाकत होता. मला एवढ्या जोरात येताना पाहून तो उभाच राहिला, त्याचं तोंड उतरलं. मी लांबूनच ओरडलो, "नात झाली!" त्यानं हातातलं जाळं तसंच पाण्यात सोडून दिलं आणि खाली बसला. कुंताबाई म्हणाली, "मेल्या, जाळं गेलं ना!" आणि मग तीच रडायला लागली.

कॅन दुसऱ्या दिवशी काठाच्या गवतात सापडली. आम्ही जाड दोरी लावून ती पुन्हा बांधली.

परवा मी कॅनपाशी असताना साधनानं फोन केला. बाळ मांडीवर होतं. ती म्हणाली, "बाबा, आई डोंगा बांधत होती ते टाकी हिले दाखवा. कोठा, चिंच, सगळं सांगा. मलेही पाहाचं आहे." मी फोन टाकीच्या दिशेनं धरला. ती म्हणाली, एवढ्या लांबून काही दिसत नाही.

काल मी डबी घेऊन टाकीपर्यंत गेलो. लांब बांबू लावला, टाकीच्या डोक्यावर चढून हात उंच करून पाहिलं. दिवा लालच राहिला. भुपेंद्र म्हणतो, उंच अँटेना लावून पाहू, पाऊस गेल्यावर.

टाकीजवळून साधनाला फोन लावायचा अजून राहिला आहे.