हिंगाच्या बियांचा हिवाळा

मित्रांनो, माझ्या पोटात कधी दूध राहिले नाही की भाजी. मी औषधी झाडांच्या रोपवाटिकेतला एक जुना फ्रिज. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो आणि जरा तोऱ्यातच होतो, कारण माझे काम होते हिवाळा तयार करण्याचे.

हिंग थंड डोंगराळ मुलखातला, त्याचे बी भारी हट्टी. ओल्या वाळूत महिना-दोन महिने कडक थंडी मिळाल्याशिवाय ते रुजायचे नावच घेत नाही. ती थंडी मी द्यायचो. माळीकाका बियांचे डबे माझ्यात ठेवत आणि दार लावून वर तळहाताने थोपटत. रोपे उगवली की रोपवाटिकेच्या बाई म्हणत, "काका, हा फ्रिज म्हणजे आपला डोंगर आहे." मी फुशारून जायचो.

पुढे माझ्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात फाटले. कोणी वाकून पाहिले नाही. लावलेले दार कधी कधी आपोआप बोटभर उघडायचे. त्या वर्षी फार लांबून मूठभरच बी आले होते. आठ दिवसांच्या सुट्टीनंतर बाईंनी पाहिले, तर सगळ्या डब्यांत बुरशी.

"काका, दार उघडं राहिलं होतं. शेवटी तुम्हीच गेलात ना इथून?"

"लावल्यासारखं आठवतंय," काका म्हणाले. "पण वय झालं आता. विसरलो असेन."

गुन्हा माझा होता आणि मी नुसता घुरघुरत उभा होतो. त्यानंतर काका दिवसातून वीस वेळा माझे दार चाचपून बघत. महिन्याभरात त्यांनी कामच सोडले.

काही महिन्यांनी दुरुस्तीवाला आला. त्याने खालच्या कोपऱ्यात कागदाची पट्टी धरून दार लावले, तरी ती सुळकन खाली पडली. बाईंनी तिथूनच काकांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू आले.

"काका, रबर फाटलं होतं. तुमची काही चूक नव्हती. या ना परत."

"बरं झालं सांगितलंत. पण नको, बाई. आता घराला कुलूप लावलं तरी मी अर्ध्या रस्त्यातून परत जातो बघायला."

यंदा बी छान रुजले. सगळे माझे कौतुक करतात, ते मला ऐकवत नाही. मित्रांनो, यंत्रांचे फाटले-तुटले वेळेवर बघत जा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमची चूक जवळच्या माणसाच्या माथी बसते. माझे रबर तासाभरात बदलून मिळाले. काकांचा स्वतःवरचा विश्वास मी घालवला, तो मला परत देता येत नाही.