पांढऱ्या सावलीशेजारी

वैशाखाची दुपार कलली होती. ऊन तळ्याच्या पाण्यावर पितळेसारखे वितळले होते, आणि बांधावर दोन झाडे आपापले रूप पाण्यात पाहत उभी होती.

एक अर्जुनसादडा. धवलकाय, धीरगंभीर; फिकट मोहरावर मधमाश्यांचे अखंड गुंजन. दुसरा गुलमोहर. ज्वालावर्ण, उन्मुक्त, छत्रासारखा पसरलेला. पाण्यात एक पांढरा स्तंभ, पाण्यात एक लाल आग. तळे दोघांनाही सारखेच धरी.

सादडा थोरल्या जावेचा, सत्यफुलाचा. गुलमोहर धाकटीचा, रेवताचा. नवी नवरी होऊन ती या गावी आली, तेव्हा माहेरच्या अंगणातले बी पदराच्या गाठीत बांधून तिने आणले होते. त्या एका बीचे हे एवढे रक्तवैभव.

आणि उद्या ते जाणार होते.

तळ्यासाठी ग्रामसभेने नियम केले होते. पाण्यात साबण नको, सोडा नको. पाण्यात गुरे धुवायची नाहीत. बांधावर इथल्या मातीचीच झाडे राहतील. बाहेरून आलेली, वरवरच्या मुळांनी बांध उकलणारी, पावसाआधी काढायची. ज्याचे झाड जाईल, त्याने आपल्या आवडीचे एक गावरान रोप लावायचे.

रोज तिसऱ्या प्रहरी सत्यफुला सादड्याखाली गावची पोरे जमवी. त्या दिवशीही जमवली होती.

"बांध कोण धरून ठेवतो रे?"

"सादडा!"

"मग गुलमोहर काय करतो, आजी?" एका चिमुरडीने विचारले.

"तो पाहुणा आहे, माय. लई सुंदर पाहुणा. पण पाहुण्याने घराची भिंत उकलू नये."

पोरे खळखळून हसली. गुलमोहराखाली एकटी बसलेली रेवता हसली नाही. पाहुणा! एवढी वर्षे या मातीत उभा राहून पाहुणा!

मत्सर काळा असतो म्हणतात. रेवताचा मत्सर पांढरा होता. सादड्याच्या खोडासारखा पांढरा, जावेच्या केसांसारखा पांढरा, पोरांच्या हसऱ्या दातांसारखा पांढरा. डोळे मिटले तरी तो दिसे. पापणीच्या आतून दिसे.

सांज झाली. पोरे पांगली. रेवता घरून बादली घेऊन आली. बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी होते, फेसाळ, कढत, पांढरेशुभ्र. ते तिने सादड्याच्या मुळाशी ओतले.

मूळ पिईल, पान करपेल, झाड झुरेल. तिला एवढेच दिसत होते.

पण उतार तळ्याकडे होता. मुळांनी प्यायच्या आधीच फेस निघाला. मुळांना वळसा घालत, गवतातून सरकत, सापाच्या कातेसारखा लकाकत तो पाण्यात शिरला, पसरला, आणि गुलमोहराच्या प्रतिबिंबावर चढला.

वर झाड पेटलेले होते. खाली ते विझू लागले. एकेक लाल फांदी, एकेक लाल तुरा, एकेक लाल पाकळी पांढरी होत गेली. उद्या कुऱ्हाड नेणार होती ते रूप, आजच तिच्या हाताने पुसले जात होते.

"थांब! अगं बाई, थांब!" रेवता गुडघ्यांवर कोसळली. दोन्ही हातांनी माती ओढली, चिखल थापला, काठाशी वीतभर पाळ घातली. मागून येणारा फेस पाळीला अडला. थरथरला. थांबला.

मागे सत्यफुला उभी होती. तिने बादली पाहिली, फेस पाहिला, चिखलाने माखलेले हात पाहिले.

"काहून वो रेवते, बांध घालतेस?"

रेवताने पाळीवर चिखलाचा आणखी एक थर थापला.

"चांगला घातलास. फुटायचा नाही."

मग तीही खाली बसली. दोघी जावांनी सोड्याने भिजलेली माती घमेल्यात भरली, दूर नेऊन टाकली.

"तुमचं राहील, बाई," शेवटी रेवता म्हणाली. "माझं जाईल."

"हो," सत्यफुला म्हणाली. खोटे सांत्वन तिला येत नव्हते. "जा, हात धू. पण घरी जाऊन. तळ्यात नको."

सकाळी कुऱ्हाडीचे घाव पाण्याला ऐकू गेले. लाल पाकळ्या तळ्यावर तरंगत राहिल्या. मग तपकिरी झाल्या, मग नाहीशा.

श्रावण सरला, पाणी निवळले. रेवता पळसाचे रोप घेऊन बांधावर आली. अख्खा बांध मोकळा होता. तिने खड्डा खणला तो सादड्याच्या अगदी शेजारी.

"एवढी जागा पडली अन् इथंच?" सत्यफुला कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सवत आणलीस का माझ्या सादड्याला?"

"हो जी. लाल सवत." रेवताने मुळाशी माती दाबली. "अन् इथल्याच मातीची. आता काढून दाखवा!"

सत्यफुला पोटभर हसली. रेवता पाण्याकडे पाहत होती.

नितळ पाणी. निश्चल पाणी. पाण्यात सादड्याचा पांढरा स्तंभ. आणि त्या पांढऱ्यावर, वाऱ्याने हलणारी, पळसाची तीन पाने. हिरवी. अजून नुसतीच हिरवी.